भंगारातले तीन राऊटर, दगडी वाडा आणि ओपनडब्ल्यूआरटी

माहुलीकर (सातारा)

राम राम मंडळी. राजवाड्याच्या मागच्या अंगाला आमचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे, त्यातल्या आतल्या दोन खोल्या गेल्या वर्षापासून पोरांना अभ्यासाला दिल्यात. पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी बारा-पंधरा पोरंपोरी असतात, बरीचशी जावळी-पाटणकडची, इथं कॉट बेसिसवर राहणारी. पैसे घेत नाही. नेट फायबरचं आहे, १०० एमबीपीएसचं, पण फायबरवाल्याचा डबा पुढं सोप्यात भिंतीवर आणि अभ्यासाच्या खोल्या चौकाच्या पलीकडं, मध्ये दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, त्यामुळं आत रेंज म्हणजे एक काडी, तीपण दार उघडं असलं तर. पोरं लेक्चर बघायला चौकात येऊन उभी राहतात, पावसाळ्यात तेपण जमत नाही.

भंगारवाल्याकडं टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूआर८४१एन राऊटर तीन मिळाले, १०० रुपयाला एक. तिन्ही चालू होतात. मित्र म्हणाला यांच्यावर लिनक्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) टाक, ओपनडब्ल्यूआरटी, मग पाहिजे तसं वापरता येतंय. त्यानं एक फाईलपण पाठवलीय व्हॉट्सॲपवर. तिन्ही एकाच मॉडेलचे आहेत म्हणजे एकच फाईल तिन्हीला चालेल ना? उद्या रविवार आहे, बसणार आहे.

मिरज_नेटवर्क

थांबा थांबा. उद्या काही टाकू नका.

तिन्ही राऊटर पालथे घाला आणि खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरात व्हर्जन लिहिलेलं असतं ते इथं सांगा. ८४१एन हे नाव एकच, पण त्या नावाखाली कंपनीनं आतलं सामान दहा-बारा वेळा बदललंय. आवृत्ती ९ मध्ये क्वालकॉमची चिप, ४ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा), ३२ एमबी रॅम. १३ मध्ये मीडियाटेकची एमटी७६२८, ८ एमबी फ्लॅश आणि ६४ रॅम. १४ मध्ये तीच मीडियाटेकची चिप पण फ्लॅश-रॅम परत कापून ४ आणि ३२. म्हणजे नंबर वाढला म्हणून मशीन चांगलं असं अजिबात नाही, १३ पेक्षा १४ गरीब आहे. एकाची फाईल दुसऱ्यात घातली की राऊटर दगड झाला समजा.

आणि व्हॉट्सॲपवर आलेली फाईल वापरू नका हो. प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर प्रत्येक मॉडेलचं, प्रत्येक आवृत्तीचं वेगळं पान आहे, तिथूनच उतरवा आणि तिथं दिलेला शा२५६ चा आकडा (फाईल मूळचीच आहे का ते पारखायचा) जुळवून बघा.

माहुलीकर

बघितलं. एक ९, एक १३, एक १४. तुम्ही सांगितलं नसतं तर उद्या तिन्हीचं वाटोळं केलं असतं. धन्यवाद सर.

विश्रामबाग_पूर्व (सांगली)

मला एक कळत नाही, दीड-दोन हजारात नवीन ड्युअल बँड राऊटर येतो, वॉरंटीसकट. पोरांसाठी चांगलं काम करताय तर ते टिकाऊ करा की. भंगारातल्या डब्यावर इंटरनेटवरचं फर्मवेअर टाकून त्यात चार रविवार घालवायचे, परत बंद पडलं की पोरांची अडचण. मी एकदा जुन्या ब्रॉडकॉम चिपच्या राऊटरवर प्रयत्न केला होता, बसलं सगळं नीट पण वायफाय इतकं हळू झालं की परत कंपनीचं टाकलं. मनापासून सांगतोय, उगा विरोध म्हणून नाही.

मिरज_नेटवर्क

ब्रॉडकॉमचं तुमचं बरोबर आहे, त्यांच्या वायफायचे ड्रायव्हर खुले नाहीत, म्हणून विकत घेतानाच चिप बघायची. मीडियाटेक आणि क्वालकॉम-अॅथेरॉस या दोघांवर चांगलं चालतं. रियलटेकची चिप असलेले जे एकदम स्वस्त राऊटर असतात त्यांच्या नादी लागू नये.

पण "नवीन घ्या" यावर मला वेगळं वाटतं. स्वस्त राऊटर विकल्यावर कंपनी एखाददोन वर्षं अपडेट देते, मग सोडून देते. डबा मात्र आपल्या घरात आठ-आठ वर्षं चोवीस तास चालू असतो आणि घरातला सगळा व्यवहार त्याच्यातनं जातो, बँक, आधार, पोरांचे फॉर्म, सगळं. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर म्हणून राऊटरात शिरणारं एक घातक सॉफ्टवेअर उघड झालं, ५४ देशांतले किमान ५ लाख राऊटर आणि साठवणीची यंत्रं त्यात सापडली, त्यात घरगुती राऊटरच भरपूर. त्याआधी २०१७ चं क्रॅक, वायफायच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेतलीच खोट, ती मुख्यतः जोडणाऱ्या यंत्राच्या बाजूची, पण रिपीटर म्हणून (वायफाय घेऊन पुढं द्यायला) लावलेला राऊटर स्वतःच जोडणारं यंत्र असतो हे लोक विसरतात. फोनला पॅच आले, कोपऱ्यातल्या रिपीटरला कोण देणार? ओपनडब्ल्यूआरटीत असली दुरुस्ती कंपनी सोडून गेल्यावरही येत राहते. माझ्यासाठी हे एवढं एकच कारण पुरेसं आहे. बाकीच्या सोयी नंतर.

आणि हे काही पोरखेळातनं आलेलं नाही. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी राऊटर २००२ च्या शेवटी आला, त्याच्या आत लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, जीपीएल या लिनक्सच्या खुल्या परवान्यानं कोड दाखवणं बंधनकारक होतं, मागणी झाली आणि २००३ मध्ये कंपनीनं कोड बाहेर काढला. २००४ मध्ये त्याच कोडवरनं ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं, नावातलं डब्ल्यूआरटी त्या राऊटरचंच. मध्ये २०१६ ला मतभेद होऊन लेडी नावाची फांदी फुटली, २०१८ च्या जानेवारीत दोन्ही परत एक झाले. आज हजारांवर मॉडेलांवर चालतं.

हळदपेठ (सांगली)

मी रिपेरिंग करतो, राऊटर, सेटटॉप बॉक्स, सीसीटीव्हीचे डीव्हीआर. माहुलीकर दादा, तुमच्या तिघांपैकी फक्त १३ वर टाका. ओपनडब्ल्यूआरटीच्या २१.०२ आवृत्तीपासून त्यांनी किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम अशी अट घातलीय. ९ आणि १४ साठी १९.०७ पर्यंतच तयार फाईली होत्या, ती मालिका कधीच बंद झाली, म्हणजे लिनक्स टाकूनही अपडेट नाहीच, मग टाकायचं कशाला.

१३ ला कंपनीच्या पानावरनं अपलोड करून चालत नाही, टीएफटीपीनंच (राऊटर सुरू होताना लॅपटॉपवरनं फाईल ओढून घेतो ती पद्धत) टाकायला लागतं. पद्धत अशी. लॅपटॉपला हातानं आयपी द्या १९२.१६८.०.६६. विंडोजवर टीएफटीपीडी६४ हा प्रोग्राम उघडा. त्या मॉडेलच्या पानावर तीन-चार फाईली असतात, त्यातली नावात टीएफटीपी-रिकव्हरी असलेली घ्या, तिचं नाव बदलून फक्त टीपी अंडरस्कोर रिकव्हरी डॉट बिन करा, इंग्रजीत, सगळी अक्षरं छोटी. केबल राऊटरच्या लॅन पोर्टला, पिवळ्यातल्या कुठल्याही, निळ्याला (वॅन) नाही. रिसेट दाबून धरा, तसंच धरून पॉवर द्या, सहा-सात सेकंद धरून ठेवा, टीएफटीपीडीत फाईल जाताना दिसली की सोडा. मग तीन-चार मिनिटं हात लावू नका.

फाईल जात नाही म्हणून लोक कंटाळतात त्याची दोनच कारणं. एक विंडोजची फायरवॉल, ती तेवढ्यापुरती बंद. दुसरं कोणी सांगत नाही, राऊटर बंद-चालू करताना लॅपटॉपचं लॅनपण तुटतं, आणि विंडोज जोडणी धरेपर्यंत राऊटर विचारून मोकळा झालेला असतो. मध्ये एखादा साधा स्विच जोडा, म्हणजे लॅपटॉपच्या बाजूची लिंक तुटतच नाही. माझ्याकडं आलेले निम्मे "फ्लॅश होत नाही" असले राऊटर एवढ्यानं झालेत.

माहुलीकर

झालं!! स्विच नव्हता, शेजारच्या सायबर कॅफेवाल्यानं दिला. पहिल्या तीन वेळा फाईल गेली नाही, स्विच लावल्यावर पहिल्याच फटक्यात गेली. दिवे लुकलुकले, थांबले. पण आता वायफायच दिसत नाही, फोनवर नाव येत नाही, जुनंपण नाही नवीनपण नाही. बिघडलं का काय?

कोरेगाव_आयटीआय

भावा काही बिघडलं नाही, ओपनडब्ल्यूआरटीत सुरुवातीला वायफाय बंदच असतंय, मुद्दाम, कारण पासवर्ड टाकलेला नसतो. केबल लाव, लॅपटॉपचा आयपी परत ऑटोमॅटिकवर कर, १९२.१६८.१.१ उघड, नाव रूट, पासवर्ड मोकळा सोड. आत गेल्या गेल्या आधी पासवर्ड ठेव. मग नेटवर्क, वायरलेस, तिथं देश भारत निवड आणि सुरू कर.

मिरज_नेटवर्क

देश निवडायचं विसरू नका, कुठलं चॅनेल आणि किती ताकद चालते हे त्यावरनं ठरतं.

अजून एक, वायफाय लावायच्या आधी. सिस्टीममध्ये बॅकअप आणि फ्लॅशचं पान आहे, तिथं खाली पार्टिशन उतरवून घ्यायची सोय असते, एमटीडीब्लॉकची. पार्टिशन म्हणजे फ्लॅशचे कप्पे, प्रत्येक एकेक करून उतरवून ठेवा, पेन ड्राइव्हवर आणि मेलवर दोन्हीकडं. विशेषतः रेडिओ नावाचं. त्यात त्या एकट्या राऊटरचं वायफाय कॅलिब्रेशन असतं, कारखान्यात मोजून भरलेलं, दुसऱ्या राऊटरचं त्याला तंतोतंत लागू पडत नाही. फर्मवेअर परत कुठूनही मिळेल, हे जगात दुसरीकडं कुठंच नाही. दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता करा.

माहुलीकर

केलं, मेलवर पण टाकलं. वायफाय दिसायला लागलं. आता हा आत खोलीत लावायचा, मुख्य डब्यापासनं केबल ओढून का वायरलेसच रिपीटर करू? केबल माळवदावरनं न्यावी लागेल, साधारण ३० मीटर.

हळदपेठ

केबल. दुसरा विचारच नको. रिपीटरला एकाच रेडिओवर घ्यायचं आणि त्याच रेडिओवर द्यायचं, वेग निम्मा तिथंच गेला, आणि तुमच्या भिंतीतनं मुळात येतंय किती. बाहेरनं जाणार आहे तर बाहेरची केबल घ्या, काळ्या जाड आवरणाची, आणि पूर्ण तांब्याची मागा. दुकानात स्वस्त म्हणून देतात ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली असते, पावसा-उन्हात माळवदावर दोन वर्षांत तिची टोकं खराब होतात. सुरीनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या.

मिरज_नेटवर्क

केबल आणली की राऊटरला फक्त ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे नुसतं वायफाय देणारा. इथं बहुतेक जण अडकतात म्हणून नीट सांगतो, तुमच्या फायबरच्या डब्याचा आयपी काय आहे?

माहुलीकर

१९२.१६८.१.१

मिरज_नेटवर्क

वाटलंच. ओपनडब्ल्यूआरटीचा पण तोच असतो. दोन्ही तसेच जोडले तर एका घरात एकाच नावाची दोन माणसं, कोणाला हाक मारली कळणार नाही, नेट कधी चालेल कधी नाही. म्हणून मुख्य डब्याला जोडायच्या आधीच आपल्या राऊटरचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा, गेटवे आणि डीएनएस १९२.१६८.१.१ द्या. त्याच पानावर डीएचसीपीच्या टॅबमध्ये इग्नोर इंटरफेस टिक करा, पत्ते वाटायचं काम फक्त मुख्य डब्यानं करायचं. मग केबल लॅन पोर्टला लावा, वॅनला नाही. वॅन रिकामा राहू दे.

वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य डब्याचाच ठेवला तरी चालतो, पोरांचे फोन आपोआप जवळचं पकडतील. चॅनेल वेगळं ठेवा, डबा १ वर असेल तर हा ६ किंवा ११. रुंदी २० मेगाहर्ट्झ, ४० करू नका, पेठेत सगळ्यांची वायफाय एकमेकांवर चढलेली असतात तिथं ४० नं नुकसानच होतं.

तासगावची_बाई

मी शाळेत शिकवते, आमच्या संगणक खोलीसाठी विचारते. याच राऊटरवर जाहिराती अडवणं, रात्री १० नंतर नेट बंद असं सगळं करता येईल का?

मिरज_नेटवर्क

बाई, वेळ बांधून नेट बंद करता येतं, फायरवॉलच्या नियमात दिवस आणि वेळ घालता येते. पण त्यासाठी राऊटर मधे हवा, नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला तर रहदारी त्याच्या फायरवॉलमधून जात नाही. जाहिराती अडवायच्या मोठ्या याद्या ६४ एमबी रॅममध्ये बसवायला जाऊ नका, मशीन गुदमरतं. शाळेसाठी १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅमचं बघा, एमटी७६२१ चिपवाले. आर्चर सी६ ची आवृत्ती ३ तसली आहे. पण पुन्हा तेच, दुकानदाराला खोक्यावरची आवृत्ती दाखवायला सांगा, नुसत्या सी६ वर जाऊ नका.

विश्रामबाग_पूर्व

माझा प्रश्न अजून तसाच आहे बरं का. हे सगळं मिरज सर आणि हळदपेठ बसून सांगतायत म्हणून जमतंय. ज्याला कोणी सांगणारं नाही त्यानं काय करायचं? लाईट गेली मधेच तर?

माहुलीकर

आणि तेच झालं. काल संध्याकाळी. सगळं चालू होतं, केबल ओढून झाली होती, राऊटर आत लावला होता, पोरं खूश होती. मी पहिल्यांदा ओपनडब्ल्यूआरटीची जरा जुनी आवृत्ती टाकली होती, म्हटलं सिसअपग्रेड करून (राऊटरच्याच पानावरनं) नवीन चढवून घेऊ, आत पंधरा पोरं बसल्यात म्हणून घाईनं केलं. बटण दाबलं, मिनिटभरानं वारा सुटला आणि लाईट गेली. पाऊण तासानं आली. तेव्हापासनं राऊटरचा पॉवरचा दिवा लागतो आणि परत परत सगळे दिवे एकदम चमकतात, पिंग नाही काही नाही. आज चाचणी परीक्षा आहे पोरांची ऑनलाइन, मी माझा मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन बसलोय आत. फार वाईट वाटतंय, चांगलं चाललेलं मीच हात लावून घालवलं.

हळदपेठ

दादा गेलं नाही ते. वाईट वाटून घेऊ नका.

सिसअपग्रेड बूटलोडरला (राऊटर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) हातच लावत नाही. अर्धवट लिहिलं गेलंय ते पुढचं, कर्नल आणि बाकीचं. बूटलोडर जागेवर असला की टीएफटीपीची वाट उघडी असते. पहिल्या दिवशी जे केलं तेच परत करा, तीच रिकव्हरीची फाईल, तोच आयपी, तोच स्विच. दिवे एकदम चमकतायत म्हणजे तो सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, जीव आहे त्याच्यात.

तेवढ्यानं नाही झालं तर माझ्याकडं पाठवा, बोर्डावरच्या सिरियल पिनांवरनं बघतो. स्वतः करणार असाल तर यूएसबी-टीटीएलची पट्टी ३.३ व्होल्टची घ्या, ५ ची नको, वेग ११५२००, आणि फक्त तीन वायरी, ग्राउंड, आरएक्स, टीएक्स. व्हीसीसी लावू नका, राऊटरला त्याचा स्वतःचा ॲडॉप्टर आहे.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर माझ्याकडं पोत्यात भरून राऊटर आले होते. गणपती पेठेतल्या, हरभट रोडच्या दुकानांचे. लॅन पोर्टात गाळ वाळून सिमेंटसारखा झालेला. लोक म्हणायचे टाकून द्या, पण कोणाकडं नवीन घ्यायला पैसे होते तेव्हा, दुकानातला सगळा माल गेलेला. बोर्ड काढायचा, ब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून धुवायचा, दोन दिवस उन्हात, मग नवा ॲडॉप्टर लावून बघायचा. बरेच उठले. जे सुरू होऊन परत परत बंद पडत होते त्यांच्यात दोन-तीन ठिकाणी फ्लॅशमधलं खराब झालं होतं, त्यांच्यावर मी ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, क्लिप लावून चिपवर लिहिलं. त्यातला एक किराणा दुकानात अजून चालतोय, यूपीआयचा स्पीकर त्याच्यावरच आहे. तेव्हापासनं मी बोर्डाला मेलं म्हणायची घाई करत नाही.

मिरज_नेटवर्क

हळदपेठशी सहमत. आणि विश्रामबागकर, तुमचा प्रश्न रास्त आहे. लाईटचं म्हणाल तर फ्लॅश करताना राऊटर बॅकअपवर असलाच पाहिजे, हे मी आधीच सांगायला हवं होतं, ती माझी चूक. राऊटरचा छोटा यूपीएस येतो, ९ आणि १२ व्होल्ट दोन्हीचा, फक्त राऊटरच्या स्टिकरवर जे व्होल्ट आहेत त्याच पिनला लावायचं. ८४१ ला बहुतेक ९ असतात, १२ च्या पिनला लावू नका.

माहुलीकर

उठला!!!

सकाळी सहाला बसलो, पोरं यायच्या आधी. पहिल्याच वेळी फाईल गेली. आईनं देवापुढं दिवा लावला होता, म्हटलं तो पण त्याच्याचसाठी. सेटिंग सगळी परत केली, आता वहीत लिहून ठेवली एकेक पायरी, आयपी, चॅनेल, सगळं, आणि वही त्याच कोनाड्यात राऊटरशेजारी ठेवलीय. सेटिंगचा बॅकअपपण उतरवला. छोटा यूपीएस पोवई नाक्यावर मिळाला.

आतल्या खोलीत आता भिंतीपाशी बसलेल्या पोरीच्या फोनवर ३५-४० एमबीपीएस येतंय, आधी लेक्चर चालूच व्हायचं नाही. दुपारी दहा-अकरा जण एकदम व्हिडिओ बघत होते, जरा अडखळतंय तेव्हा.

मिरज_नेटवर्क

२.४ गिगाहर्ट्झवरच आहे आणि एकाच खोलीत एवढे फोन, त्यामुळं तेवढं धरून चाला. अडखळणं दोन ठिकाणी असू शकतं. हवेत गर्दी असेल तर दुसऱ्या खोलीत अजून एक ॲक्सेस पॉइंट हाच उपाय. पण कोणी मोठी फाईल उतरवताना बाकीच्यांचं थांबत असेल तर तो बफरब्लोट, रांग डब्यात साचते. त्यावर ओपनडब्ल्यूआरटीच्या एसक्यूएममध्ये (रांग सांभाळायची सोय) केक म्हणून पद्धत आहे, लाईनचा वेग १०० असेल तर ९० ला बांधायचा, म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते आणि सगळ्यांना वाटा मिळतो. ते मात्र मुख्य जागी, फायबरच्या डब्यानंतर लगेच बसवायला लागतं. तुमच्या एमटी७६२८ ला ९० चा भार झेपायचा नाही, त्याला दोन कोअरचा एमटी७६२१ हवा. आत्ता घाई नको. आधी कुठलं आहे ते बघा, कोणी डाउनलोड लावला की मुख्य डब्याजवळ केबलनं पिंग किती होतंय ते मोजा.

विश्रामबाग_पूर्व

अभिनंदन माहुलीकर. माझं मत थोडं बदललं, पूर्ण नाही. फायबरवाल्याच्या डब्यावर मात्र कोणी हात चालवू नका, तो कंपनीचा असतो, आत ऑप्टिकलची नोंदणी असते, गेला तर लाईनच गेली. आपला राऊटर त्याच्यापुढं लावायचा. आणि माझ्याकडं माळ्यावर एक एमआय ४सी राऊटर पडलाय, ९९९ ला घेतलेला. त्याचं होतं का काही?

कोरेगाव_आयटीआय

४सी चांगला आहे साहेब, १६ एमबी फ्लॅश ६४ रॅम, तीच एमटी७६२८. फक्त त्याला टीएफटीपीनं नाही, आधी त्याच्या स्वतःच्या फर्मवेअरमधनं आत शिरायला लागतं, ओपनडब्ल्यूआरटी-इन्व्हेजन म्हणून स्क्रिप्ट आहे, लॅपटॉपवर पायथन लागतं. मी केलाय एक. शिरल्यावर आधी सगळी पार्टिशनं उतरवून घ्यायची, मिरज सरांनी सांगितलं तशीच, मगच लिहायचं.

विश्रामबाग_पूर्व

माझ्याच्यानं व्हायचं नाही ते. माहुलीकर, तुमच्या दुसऱ्या खोलीसाठी चालत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. महिन्यातनं एकदा साताऱ्याला येणं होतं, बहिणीकडं शाहूपुरीत.

माहुलीकर

दादा काय बोलू. नक्की या, वाड्यात चहाला या. ९ आणि १४ वाले दोन पडून आहेत, ते कोणाला काही उपयोगाचे?

हळदपेठ

मला द्या. ॲडॉप्टर आणि लॅनचे पोर्ट सुट्टे लागतातच. विश्रामबागकर साताऱ्यातनं परत येताना त्यांच्याजवळ द्या, मी दुकानातनं घेतो. आणि कोरेगावचे भाऊ, ४सी करायला तुम्ही वाड्यावर जाल का, वीस किलोमीटर तर आहे.

कोरेगाव_आयटीआय

जातो की. रविवार सोडून सांगा, रविवारी उसाला पाणी असतंय. छोटा यूपीएस लावून ठेवा, आणि तो स्विच परत आणून ठेवा.